कुत्रं धरा, मी आलोय

नवी रेकॉर्ड अर्धा तास उन्हात राहिली की पापडासारखी वाकते. मग तिच्यावरचा चांगला गायकसुद्धा प्यायल्यासारखा गातो. विन्समला हे कोणी सांगायला नको होतं. म्हणून क्रॉस रोड्सच्या बसथांब्यावर ती स्वतः उन्हात उभी होती आणि तिची सावली रेकॉर्डच्या पेटीवर पडली होती.

बस येत नव्हती. सकाळपासून पाय दुखत होते.

"पेटी फार लाडाची दिसते," शेजारून आवाज आला.

उंच, किडकिडीत माणूस होता. हातात भली मोठी काळी छत्री.

"छत्रीत या."

"नको."

"तुम्हाला यायचं नसेल तर पेटीला तरी येऊ द्या."

विन्समला हसायचं नव्हतं. तिनं पायानं पेटी छत्रीखाली सरकवली, आणि थोड्या वेळानं आपणही सरकली.

"गावाकडचे तुम्ही," ती म्हणाली.

"ॲनॉटो बे. कसं ओळखलंत?"

"किंग्स्टनचा पुरुष उन्हात भाजून मरेल, पण छत्री उघडणार नाही."

तो हसला. हसला की त्याचे डोळे बारीक व्हायचे, आणि लगेच परत थकल्यासारखे दिसायचे. त्यानं विचारलं, "टॅमरिंड लेन रेकॉर्ड्स कुठं आहे, माहीत आहे?"

विन्समनं सुस्कारा सोडला. "गायक!"

"तसं काही... एक गाणं आहे माझ्याकडे. एकच."

"सगळे एकच म्हणतात. मग खिशातून वीस काढतात." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. खिसे खरंच रिकामे दिसत होते. "मी तिथंच चाललेय. छत्री माझ्याकडे द्या, पेटी तुम्ही उचला."

त्याचं नाव होपटन.

टॅमरिंड लेन म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक पत्र्याचा स्टुडिओ आणि अंगणात आंब्याखाली बसलेले मालक, मास एगबर्ट. कोणी गायचं, कोणी कोणाबरोबर गायचं, कोणती रेकॉर्ड कधी बाहेर काढायची, हे सगळं मास एगबर्ट ठरवायचे. उरलेलं सगळं विन्सम करायची. दुकानादुकानांत रेकॉर्ड पोचवायच्या, रेडिओवाल्यांची मनधरणी करायची, आणि कोणत्याही गायकाच्या मागे उभं राहून साथीचा सूर लावायचा. असा सूर लावून तिला नऊ वर्षं झाली होती. एकाही रेकॉर्डवर तिचं नाव नव्हतं.

होपटननं गाणं म्हटलं तेव्हाही ती मागेच उभी होती.

कोणाच्याही घरी गेलं तरी आधी फाटकावर थांबायचं, "कुत्रं धरा!" अशी हाक मारायची, आणि मगच आत पाऊल टाकायचं. आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या हाकेचं गाणं करावं असं आजवर कोणाला सुचलं नव्हतं.

*कुत्रं धरा, मी आलोय,
ऊन उतरलं, भूक लागली,
कुत्रं धरा, मी आलोय...*

एवढंच. बेस गिटार सावकाश चालत होती आणि आवाज तिच्याही मागून, रमतगमत. तीन ठिकाणी तो थांबायचा, जणू फाटकाआडून कोणाची चाहूल घेतोय. त्या तीन जागी विन्समनं नुसतं "हं..." केलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. जागा रिकामी होती म्हणून केलं.

रेकॉर्ड बाहेर पडली, आणि त्या तीन हुंकारांनी गावभर घोळ घातला. लोकांनी ठरवून टाकलं की फाटकाआडची बाई तीच. बाजारात मासळीवाल्या तिला पाहून ओरडायच्या, "अगं, कुत्रं धर की! किती वेळ उभा ठेवशील त्याला?"

"लोकांना वाटतंय तुमचं काहीतरी आहे," मास एगबर्ट म्हणाले.

"काही नाही आमचं."

"नसू दे. पण वाटायला पैसे पडतात का? उद्यापासून दुकानांत दोघांनी मिळून जायचं."

मग दीड महिना दोघं मिळून फिरले. ऑरेंज स्ट्रीट, स्पॅनिश टाउन, मे पेन. पेटी त्याच्याकडे, यादी तिच्याकडे. दुकानदार गाणं लावायचा, लोक दारात जमायचे, आणि कोणीतरी हमखास विचारायचं, "लग्न कधी?"

"कुत्र्याला विचारा," विन्सम म्हणायची.

दुपारी तो शहाळं आणायचा.

"एकच?"

"दुसऱ्यात मलई नव्हती."

"फोडायच्या आधीच कळलं?"

"शहाळी ओळखतो मी."

"माणसंसुद्धा ओळखता का अशी, न फोडता?"

"काही काही माणसं..." तो शहाळं तिच्याकडे द्यायचा. "वरून फार कडक असतात. आधी तुम्ही प्या."

अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. एकतिसाव्या वर्षी आपण सकाळी आरशासमोर जास्त वेळ उभ्या राहतोय, हे मात्र विन्समला कळलं, आणि स्वतःचाच राग आला. संध्याकाळ झाली की तो गावाच्या बससाठी घाई करायचा.

"घरी कोण वाट बघतंय एवढं?" तिनं एकदा विचारलं.

"कोणी नाही."

ते तिला हलकंफुलकं उत्तर वाटलं. खूश होऊन ती घरी गेली.

ऑक्टोबरात मास एगबर्टनी फर्मान काढलं. "आता बाईचं उत्तर. ‘कुत्रं सुटलंय’! तू त्याच्या अंगावर कुत्रं सोडतेस. मंगळवारी गायचं."

"मी का सोडेन?"

"गोडवा दोन आठवडे खपतो, पोरी. भांडण ख्रिसमसपर्यंत खपतं. शब्द तुझे तू जुळव, मला फक्त कुत्रं हवंय. आणि हे बघ." त्यांनी तिच्या हातावर लाल रंगाचं गोल लेबल ठेवलं. कुत्रं सुटलंय. खाली, ठळक अक्षरांत, तिचं पूर्ण नाव: विन्सम गेल. "पाचशे छापून कारखान्यात गेलीसुद्धा."

छापखान्यात नंबर लागायला उशीर होतो, म्हणून मास एगबर्ट गाणं व्हायच्या आधीच लेबलं छापून घ्यायचे. या सवयीपायी त्यांनी आजवर दोनदा भलत्याच गायकाचं नाव बाहेर काढलं होतं, तरी सवय सुटली नव्हती. विन्सम मात्र त्या अक्षरांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली. नऊ वर्षांनी आलं होतं ते नाव.

शनिवारी दोघं ॲनॉटो बेला गेले. दुकान मिस आयोनी नावाच्या म्हातारीचं होतं. होपटन बाहेर बसच्या टपावरून पेट्या उतरवत होता. मिस आयोनीनं गाणं लावलं, संपल्यावर परत लावलं, मग पदरासारखा ॲप्रनचा सोगा डोळ्यांना लावला.

"आमच्या मर्लीनच्या फाटकावर असाच ओरडायचा गं हा. त्या कुत्र्यानं दोनदा पँट फाडली, तरी यायचा. शेवटी दिली पोरगी."

विन्समला आधी कळलंच नाही. "मर्लीन?"

"बायको त्याची. दोन वर्षं झाली जाऊन. दुखणं असं, की सहा महिन्यांत..." म्हातारीनं हात हवेत पसरला. "अजून हा कामावरून आला की स्वतःच्याच फाटकावर उभा राहून हाक मारतो. आत कोणी नाही, कुत्रं नाही. शेजारीपाजारी ऐकतात. कोणी काही बोलत नाही."

होपटन पेटी घेऊन आत आला. विन्समनं यादी त्याच्या हातात दिली.

"बाकीचं तू बघ. मला बरं नाही. मी जाते."

"एकटी? थांब, मी येतो..."

ती थांबली नाही. घाटाच्या वळणांवर बस हेलकावत होती आणि तिनं डोकं खिडकीला टेकवलं होतं. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत मागे उभी राहिले, ती मनाशी म्हणत होती. आता नाव लागायची वेळ आली, तर उभं कुठं राहायचंय? दुसरीच्या फाटकाआड. आणि ती दुसरी मेलेली. तिच्याशी भांडताही येत नाही. त्या दिवशी तिला जी दमणूक आली ती पायांची नव्हती.

मंगळवारी स्टुडिओत सगळे जमले. ड्रमवाला, बेसवाला, यंत्राशी बसणारा डेल्विन. टेप एकच उरली होती. मास एगबर्ट बोट वर करून म्हणाले, "एका दमात, विन्सम!" आणि तेवढ्यात पत्र्यावर पाऊस कोसळला.

डेल्विननं कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. "देवानं स्वतः ड्रम घेतलाय. थांबा आता."

पत्र्याच्या स्टुडिओत पावसाशी वाद घालता येत नाही. वादकांनी डॉमिनोचा डाव मांडला. विन्सम ओसरीवर आली. होपटन तिथं भिजत, अर्धा आत अर्धा बाहेर उभा होता.

"आत सरक. भिजतोयस."

तो सरकला.

"मर्लीनबद्दल सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तूही हळू आवाजात बोलायला लागली असतीस. सगळे लागतात. मान वाकडी करून, ‘कसा आहेस, होपटन?’" तो पावसाकडे बघत होता. "तू मला पहिल्याच दिवशी छत्रीवरून बोललीस. दोन वर्षांत कोणी टोमणा मारला नव्हता मला."

"म्हणजे मी करमणूक."

"नाही. म्हणजे... मी अजून आहे, असं वाटलं."

पागोळ्या जोरात पडत होत्या.

"ते गाणं तिचं आहे," विन्सम म्हणाली.

"हो."

त्यानं खोटं सांगितलं नाही. तिला ते लागलं, आणि बरंही वाटलं.

"आणि मी उत्तर द्यायचं? तिच्या जागी उभी राहून?"

"नको देऊस. मी सांगतो मास एगबर्टना. शिव्या मी खाईन."

"अजून हाक मारतोस म्हणे, घरी."

होपटननं मान खाली घातली. "पाय आपोआप थांबतात फाटकाशी. पण शनिवारी..."

"शनिवारी काय?"

"तू अशी न बोलता गेलीस. घरी पोचेपर्यंत डोक्यात तेच. का गेली असेल, माझं काय चुकलं. चुलीपाशी गेल्यावर कळलं, की हाक मारलीच नाही. सरळ आत आलो होतो." तो थांबला. "बाहेर जाऊन मारावी असंही वाटलं. नाही गेलो. तिथंच उभं राहून रडलो. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? फार अपराध्यासारखं वाटलं. आणि तरी तूच डोक्यात होतीस."

विन्समनं आपल्या रुमालानं त्याच्या बाहीवरचं पाणी टिपलं.

"दमलोय गं," तो म्हणाला.

"मीही."

पाऊस ओसरला. आतून डेल्विनची हाक आली. विन्सम माइकसमोर उभी राहिली. या वेळी तिच्या पुढे कोणी नव्हतं. बेस सुरू झाली, तीच सावकाश चाल. काचेपलीकडे मास एगबर्ट दोन्ही हातांनी कुत्र्याच्या पंजांची खूण करत होते. तिनं डोळे मिटले.

*कुत्रं कधीचं झोपलंय रे,
फाटकाला कडी नाही,
एकटाच ये, असं मी म्हणणार नाही,
जी सोबत आहे, तिलाही घेऊन ये,
पायरीवर जागा आहे, दमला असशील तर बस...*

संपलं तेव्हा ड्रमवाला काठ्या मांडीवर ठेवून बसला होता. होपटन दाराशी होता. त्याच्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

"कुत्रं?" मास एगबर्ट किंचाळले. "माझं कुत्रं कुठाय?"

"झोपलंय, मास एगबर्ट."

"पाचशे लेबलं! पाचशे! सुटलंय म्हणून छापलंय मी!"

"टेप संपली," डेल्विन थंडपणे म्हणाला.

मास एगबर्टनी लेबल फुकट घालवलं असतं तर ते मास एगबर्ट कसले? रेकॉर्ड तशीच बाहेर पडली. वर ‘कुत्रं सुटलंय’ आणि आत हे. गावभर वाद पेटला. लोक ऐकायला यायचे, लेबल वाचायचे आणि परत ऐकायचे.

ऑरेंज स्ट्रीटवरच्या एका दुकानदारानं तर काउंटरवर हात आपटला. "बाई, आता तुम्हीच सांगा. कुत्रं सुटलंय का झोपलंय? गिऱ्हाइकं भांडतायत माझ्याकडे!"

"विकत घ्या म्हणावं, आणि घरी जाऊन भांडा," विन्सम म्हणाली.

दोघं बाहेर आले. दुपार होती, रस्त्यावर हातगाड्यांची गर्दी. होपटन चालता चालता थांबला.

"मलाही तेच विचारायचं होतं."

"रेकॉर्ड येऊन दोन आठवडे झाले की."

"हिंमत झाली नाही. मास एगबर्ट म्हणाले, गाणं ते गाणं, मनावर घेऊ नकोस. म्हणून... लेबल खरं का गाणं खरं?"

"लेबल मी गायच्या आधी छापलं होतं, होपटन."

"आणि गाणं?"

"ते एका दमात झालं. खोटं बोलायला मला दुसरी टेपसुद्धा मिळाली नाही."

तो बघत राहिला. डोळे बारीक झाले, आणि या वेळी लगेच परत थकले नाहीत.

"रविवारी काय करतेस?"

"झोपते."

"उठल्यावर?"

"नारळाच्या दुधातला राजमा-भात. कोंबडी."

"किती माणसांचा?"

"आजवर एकीचा." ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "या रविवारी जास्त टाकीन."

"मी काय आणू?"

विन्समनं क्षणभर विचार केला. "भूक आण. आणि... मर्लीनचा फोटो असेल तर तो आण. मला बघायचंय, कशी होती ती."

होपटननं पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि बाहीनं डोळे पुसले. विन्समनं तेवढा वेळ त्याच्याकडे पाहिलं नाही. मग त्याचा हात धरला, आणि हातगाड्यांच्या गर्दीतून त्याला रस्त्यापलीकडे घेऊन गेली.