निळा पडलेला कागद

मी बनवलेल्या, अमोनियावर चालणाऱ्या ट्रकच्या पाइपांना गळती नाही, हे मी पैजेवर सांगितलं असतं. तरीही हातातला ओला लाल लिटमस कागद निळा पडला. म्हणजे अमोनिया!

सगळे सांधे पुन्हा आवळले. कागद पुन्हा निळा. मग लक्षात आलं — माझ्या मागे कुणीतरी उभं होतं, आणि कागद त्याच्याच बाजूला निळा पडत होता.

"खिशात काय आहे तुमच्या?"

त्याने ओशाळून ओला रुमाल काढला. "चष्मा पुसायला... काच पुसायच्या फवाऱ्यात भिजवलाय."

"त्यात अमोनिया असतो!"

"असं होय? मला वाटलं, मला बघूनच रंग बदलला."

हसू आलं ते मी दाबलं. कारण हा कंपनीचा हिशेबनीस होता. माझा ट्रक चालू राहणार की भंगारात जाणार, हे त्याच्या अहवालावर ठरणार होतं.

मग तो रोज यायला लागला. भांडायला.

"आधी हायड्रोजनचा अमोनिया करायचा, मग गाडीत तो फोडून पुन्हा हायड्रोजन काढायचा. हा द्राविडी प्राणायाम कशाला, टाकीवाल्या बाई? दोन्हीकडे ऊर्जा वाया."

"आणि नुसता हायड्रोजन प्रचंड दाबाने भरायचा, त्याच्या महागड्या टाक्या, नवे पंप — ते काय फुकट येतात, हिशेबनीस? अमोनिया थोड्या दाबातही द्रव राहतो. तो फोडायला लागणारी बरीचशी उष्णता मी इंजिनाच्या धुरातूनच घेते."

"तरी आज महागच पडतो."

"आज! लांबच्या वाटेवर मोजा, मग बोला."

त्याने मोजलं. चष्मा कपाळावर सरकवून, ओठ चावत... मी बघत नव्हते. म्हणजे — फारशी नाही.

एका दुपारी तो रिकाम्या हातांनी आला.

"अहवाल?"

"दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं साहेबांना सांगितलं."

माझं डोकंच फिरलं. "घाबरलात?"

"लांबच्या वाटेवर तुमचं गणित जुळतंय. पण ते मी लिहिलं, तर कुणी विश्वास ठेवणार नाही."

"का?"

"कारण..." त्याने नजर उचलली. "मी आता तटस्थ राहिलो नाही. साहेबांना तेच सांगितलं."

"माझ्या आधी साहेबांना?"

"चुकलंच."

माझे कान तापले. "येऊ दे नवा माणूस. त्याच्या नाकावर टिच्चून ट्रक चालवून दाखवीन. आकड्यांनीच हरवीन त्याला."

"मला कशाने हरवलंस?"

मी ट्रकचं दार उघडलं. "बस. लांबची वाट आहे."

शेजारी बसत त्याने रुमाल पुढे केला — कोरडा, धुतलेला. मी लिटमस ओला करून त्याला लावला. लाल तो लालच राहिला.

"गळती नाही," मी म्हटलं, आणि चावी फिरवली.