निरोप संपल्यावर येणारा आवाज

हे खरं घडलेलं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण शिवकन्या माझी मावसबहीण आहे आणि तिला गोष्टी रचता येत नाहीत.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. तीर्थपुरीच्या बाहेर, शेतातलं घर.

वडील गेल्यापासून ती तिथे एकटीच राहायची. दिवसदिवस कोणाशी बोलणं नाही. घरी बसूनच एका कंपनीचं काम करायची. शेतात लाइट आली की कंपनीचं यंत्र शेतकऱ्याला फोन करतं, मेसेज पाठवतं, आणि पिन नंबर टाकून मोटर चालू करता येते. तो प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. आधी फोनवर एका बाईचा आवाज होता. लोक जाहिरात समजून कापायचे. मग तिने वडिलांचा, धुळाजीआबांचा आवाज भरला.

"लाइट आली. मोटर चालू करा."

आबा गेले, तरी एवढं रोज ऐकू यायचं.

त्या संध्याकाळी तिच्या शेतातल्या मोटरीचा फोन आला. आबांचा निरोप संपला. पण फोन कटला नाही...

पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं.

मग ते ओळखीचं खोकणं...

"शिऊ, जेवलीस का?"

"जेवले," ती कशीबशी म्हणाली. घरात कालपासून गॅस पेटला नव्हता.

"खोटं बोलून राह्यलीस."

फोन कटला.

तिने लगेच प्रोग्रॅम उघडला. चूक तिचीच होती. ती प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहायची, ती जुनी आणि मोकाट. कुठे थांबायचं ते सांगितलं नाही, तर बांध ओलांडून शेजारच्या मेमरीतलंही वाचत सुटते. निरोप संपला की थांब, हे लिहायचंच राहिलं होतं.

म्हणजे मेमरीत पडलेलं काहीतरी वाजलं असेल.

पण आबांनी हे कधी भरलंच नव्हतं. आणि भरलेला आवाज उत्तर देत नाही...

दुरुस्ती एका ओळीची होती. तिने केली नाही.

खरं सांगायचं तर तिची भीती मोडली. रोज फोन यायच्या आधी भाकरी करायची, जेवायची आणि वाट बघत बसायची.

मग एक दिवस शेजारचा कल्याण आला.

"ताई, मला लाइटीचा मेसेज आल्ता. त्याच्या खाली बांधापलीकडच्या सोनूबाईच्या मोटरीचा पिन नंबर निघाला. कोणी मोटर चालू केली अन् त्यांचा माणूस विहिरीत उतरलेला असला तर?"

चूक तीच होती, निरोप संपल्यावरही पुढचं वाचत जाण्याची. फक्त तिच्या फोनवर आबा यायचे आणि कल्याणच्या फोनवर दुसऱ्याचा पिन.

संध्याकाळी फोन आला. निरोप संपला. श्वास ऐकू आला...

"आबा, हे आता बंद करावं लागतंय."

पलीकडे तेच खोकणं.

"मंग तू बोलशील कोणाशी?"

फोन कटल्यावर तिने ती ओळ लिहिली. लिहिताना खूप रडली.

आता फोन येतो, निरोप संपतो, कटतो. कोणाचा पिन कोणाला जात नाही.

"झालं ते बरंच झालं," मी तिला म्हणालो.

"दुरुस्तीनं काही पुसलं जात न्हाई, दादा," ती म्हणाली. "पुढचं वाचणं तेवढं थांबतं."

मला काही कळेना.

"आबा रोज विचारत असतील. मला ऐकू येत न्हाई, एवढंच."