झोपलेल्या अळ्या आणि ओरडणारा भोंगा

शाल्मलीचा भोंगा कालपासून तिसऱ्यांदा वाजला. शेजारच्या टेबलावर तस्लीमचा भोंगा गप्प होता. दोघींच्या ट्रेमध्ये एकाच दिवशी जन्मलेल्या पन्नास-पन्नास रेशीम अळ्या होत्या. तुतीचा पाला एकाच शेतातला, तळहातावर मावणारा संगणकी बोर्डही एकसारखाच. मग एकच भोंगा का ओरडत होता?

"शिळा पाला खात नाहीत वाटतं तुझ्या," वर्गातलं कुणीतरी म्हणालं. शाल्मलीने वरून आणखी ताजा पाला टाकला.

तिची वसुधाआत्या चंद्रतळाच्या (चंद्रावरच्या मानवी वस्तीच्या) अन्न विभागात शास्त्रज्ञ होती. अंबडजवळच्या या शाळेत ती पंधरा दिवसांसाठी कोडिंग शिकवायला आली होती. चंद्रतळावर रेशीम अळ्या पाळायच्या होत्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एक प्रोग्राम या वर्गातून निवडला जाणार होता. एकच. तो आपलाच, हे शाल्मलीने कधीच ठरवून टाकलं होतं.

पण आत्या येता-जाता थांबायची ती तस्लीमच्या टेबलापाशी. काल तर तिने तस्लीमच्या डोक्यावर हलकीशी टपली मारली. ती टपली आजवर फक्त शाल्मलीची होती.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला, तेव्हा शाल्मलीने तस्लीमचा प्रोग्राम उघडला. तिचा स्वतःचा प्रोग्राम सरळ होता. ट्रेवर टांगलेला रंगसंवेदक (रंग मोजणारा छोटा भाग) दर चार तासांनी किती हिरवा पाला उरलाय ते सांगायचा. जर पाला कमी झाला नाही, तर अळ्या आजारी, म्हणून भोंगा वाजव. अशा जर-तर वाक्याला अट म्हणतात. तस्लीमचीही अट तीच होती, फक्त वर एक ओळ जास्त होती: जर झोप = १, तर भोंगा वाजवू नकोस.

शाल्मली धावतच आत्याकडे गेली. "आत्या, तस्लीमने भोंगाच बंद करून ठेवलाय."

आत्याने वर्गात येऊन तस्लीमला बोलावलं. "खरं का गं?"

"हो मॅडम. अळ्या झोपल्यात ना."

"अळ्या कुठे झोपतात?" शाल्मली हसली.

तस्लीम हसली नाही. तिच्या घरी रेशमाचीच शेड होती. "अळी डोकं वर करून दगडासारखी थांबली, की अम्मी आम्हाला शेडमध्ये मोठ्यानं बोलूपण देत नाही. कात टाकायची असते तिला. तेव्हा पाला टाकायचा नसतो. ओल्या पाल्याखाली गुदमरते ती."

शाल्मलीने आपल्या ट्रेकडे पाहिलं. पाल्याचे तीन थर होते. तिघींनी ते हळूच उचलले. अकरा अळ्या अर्धवट कातीत अडकून पडल्या होत्या. त्या हलत नव्हत्या.

"बोर्ड बिघडलाय," शाल्मली कशीबशी म्हणाली.

"बोर्ड ठीक आहे. तू सांगितलंस तेच त्याने केलं," आत्या म्हणाली. "खात नाही म्हणजे आजारी, एवढंच तू त्याला शिकवलंस. तस्लीमने त्याला एक चल (नाव दिलेली, आकडा ठेवायची डबी) दिला. त्याचं नाव झोप. अळ्यांनी डोकी वर केली, की ती बटण दाबते आणि डबीत १ जातो. जाग्या झाल्या, की पुन्हा ०. पाला तेवढाच उरतो, पण आत्ता कुठली अवस्था चालू आहे हे बोर्डाच्या लक्षात असतं, म्हणून अर्थ बदलतो."

शाल्मलीचे कान तापले. "पण चंद्रावर बटण कोण दाबणार? तिथे हिची अम्मी नसणार."

तस्लीमने खाली पाहिलं.

"बोललीस कुजकट," आत्या म्हणाली, "पण प्रश्न बरोबर आहे. बटणाशिवाय बोर्डाला झोप कशी कळेल?"

मग शाल्मलीने दप्तरातून वही काढली. दर चार तासांचे आकडे. एका रकान्यात स्वतःच्या ट्रेचे, दुसऱ्यात तस्लीमच्या.

"माझे कशाला लिहिलेस?"

"तू पुढे तर जात नाहीस ना, ते बघायला."

तस्लीमला हसू फुटलं. मग तिचं बोट एका जागी थांबलं. खाल्लेल्या पाल्याचे टक्के, दोन्ही रकान्यांत जवळजवळ सारखेच, एकाच दिवशी: चाळीस, एकतीस, अठरा, सहा, शून्य. अळ्या एकदम जेवण सोडत नव्हत्या. झोपेआधी भूक पायरी-पायरीने उतरत होती.

संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून नवी अट लिहिली. कात टाकायचा दिवस जवळ असेल आणि भूक अशी उतरत गेली, तर बोर्डाने स्वतःच झोप = १ करावं. ट्रेमध्ये एकच पान ठेवावं. ते कुरतडलं गेलं, की झोप = ०. मात्र तीस तासांनंतरही पान तसंच असेल, तर भोंगा वाजलाच पाहिजे.

चार दिवसांनी अळ्यांनी पुन्हा डोकी वर केली. दोन्ही भोंगे गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी पानाच्या कडेला अर्धचंद्रासारखा घास पडला आणि पडद्यावर ० उमटलं. शाल्मलीने आपल्या अळ्या मोजल्या. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस जाग्या.

"पुढच्या महिन्यात हा प्रोग्राम चंद्रावर जाईल," आत्या म्हणाली. "नाव काय घालू?"

"तस्लीम-शाल्मली," शाल्मली म्हणाली. म्हणताना जरासं टोचलं, पण ती अकरा अळ्या विसरली नव्हती.

आत्याने दोघींच्या डोक्यावर एकेक टपली मारली. तस्लीमला किंचित जोरात बसली, हे शाल्मलीने बरोबर मोजलं.