मदिनाची अर्धी गोधडी

हुस्नबानोला कुणाला तरी नावं ठेवल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. जिवंत माणसं पुरली नाहीत की ती मेलेल्यांकडे वळायची. मेलेल्यांत तिची लाडकी म्हणजे जाऊ, मदिना.

"नुसती आरंभशूर," ती म्हणायची. "एक ना धड, भाराभर चिंध्या."

चिंध्यांचं मात्र खोटं नव्हतं. मदिना पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही पोटातच गेलं, आणि मागं राहिली अर्धवट गोधड्यांनी भरलेली पेटी. कामशेतच्या त्या घरात कित्येक वर्षं त्या पेटीला कुणी हात लावला नव्हता. यंदा हुस्नबानोची एकुलती एक लेक, जाहिदा, बाळंतपणाला माहेरी आली. मावळातली थंडी, अंगावर घ्यायला काही पुरेना. हुस्नबानोनं पेटी उघडली.

दोन मोठ्या गोधड्या तिनं पुऱ्या केल्या. हात चालला त्याहून तोंड जास्त चाललं. हे काय टाके म्हणायचे, असे तर पोत्यालाही कुणी घालत नाही. तिसरी निघाली ती तान्ह्या मुलाची. जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर, आणि टाके इतके बारीक की बाईला घटकाभर बोलायला काही सापडेना. मग सापडलं. एक कोपरा उघडाच होता, हात आत जाईल एवढा.

"बघा. शेवटचे चार टाके घालायचे तर हिच्या बोटांना मुंग्या आल्या असतील."

कुरवंड्याची सुईण धोंडाबाई तेव्हा तिथंच होती. जाहिदाचं पोट चाचपून, सगळं ठीक आहे म्हणून ती निघालीच होती. गोधडी बघून ती थांबली.

"भाबी, त्यो कोपरा मुद्दाम ठेवलाय. पोटातल्या लेकराची गोधडी आदी बंद करत न्हाईत. लेकरू भाईर येऊन रडलं, की मंग टाका घालायचा."

"का? गुदमरतं की काय आत?"

"व्हय," धोंडाबाई म्हणाली.

हुस्नबानो हसली. आळशांना रिती फार, असं म्हणत तिनं म्हातारीच्या देखत तो कोपरा शिवला आणि दोरा दातानं तोडला. धोंडाबाई चहालासुद्धा थांबली नाही. गेली तर गेली, हुस्नबानोला काय त्याचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाहिदा आतल्या खोलीतून म्हणाली, "अम्मा, कालपासून हललं नाही गं लेकरू…"

"झोपलं असेल. चाचीवर गेलं असेल तुझ्या."

बोलली खरी, पण उठून आतल्या दारातून लेकीकडे बघून आली. जगाला पायपोशीवर मारणारी ही बाई लेकीच्या बाबतीत मात्र लोण्याहून मऊ होती. हात रिकामा नको म्हणून तिनं गोधडी मांडीवर घेतली, घडी घालायला.

गोधडी उबदार होती. उन्हात ठेवली नव्हती, तरी.

तिनं घडी घातली आणि वरून तळहात फिरवला. हाताखाली काहीतरी हललं. अगदी बारीक, पोटातून टाच लागावी तसं. तिनं हात काढला. पुन्हा ठेवला. या वेळी जोरात लागलं.

"जाहिदा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आता हललं का गं?"

"नाही, अम्मा… पोट गार पडलंय."

हुस्नबानो भ्याली. आयुष्यात पहिल्यांदा, मनापासून. तिनं कातर उचलली आणि कालचे टाके शोधू लागली. तिचे टाके मोठे, ओबडधोबड, लगेच सापडायला हवे होते. सापडेनात. चारही कोपरे सारखेच, चारही ठिकाणी तेच बारीक टाके. मदिनाच्या हातासारखं आपल्याला कधी जमलं नाही, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कबूल करावं लागलं. मग हाताला आला तो कोपरा तिनं कापला. कातरीनं बोटही कापलं, तिकडे तिनं बघितलं नाही. आत लुगड्याच्या चिंध्या दिसल्या. दुसरं काही नव्हतं.

"अम्मा," आतून जाहिदा हसत, रडत म्हणाली, "हललं… लाथा मारतंय बघ."

हुस्नबानोनं डोळे मिटले. "या अल्ला," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मांडीवरची गोधडी अजून हलत होती.

आतलं जे होतं ते आता कोपऱ्याकडे सरकत होतं, सावकाश, वाट चाचपत. हुस्नबानोनं सुई घेतली. एक टाका घातला, आणि आतल्या खोलीत जाहिदा कण्हली. तिनं टाका उसवला. कण्हणं थांबलं.

शिवता येईना, सोडता येईना. तिनं उघड्या कोपऱ्यावर तळहात दाबून धरला आणि तशीच बसून राहिली. जाहिदाचे दिवस भरायला अजून अवकाश होता.

"धोंडाबाईला बोलवू का, अम्मा?" जाहिदानं विचारलं.

हुस्नबानोनं आतल्या दाराकडे मान वळवली, पण हात काढला नाही. तिच्या तळहाताला काहीतरी ओलं, उबदार लागलं होतं, आणि ते चोखू लागलं होतं.