दही का लागेना?

गट्टू घरात आल्यापासून दही लागेना. गट्टू म्हणजे नूपुरच्या घरचा नवा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). ओटा चकाचक, कपडे घडीबंद, सगळं कसं झकास. पण विरजण लावलेलं दूध संध्याकाळपर्यंत दूधच.

"याचा पायगुणच वाईट," आई म्हणाली. "परवा संध्याकाळी कंपनीची उडती गाडी येईल. देऊन टाकू परत."

गट्टूशिवाय नूपुरला दोस्त नव्हता. तिने दुसरं दूध घेतलं, शेजारच्या काकूंकडून विरजण आणलं आणि वाटी आपल्या खोलीत ठेवली. दही लागलं.

"कशामुळे लागलं?" गट्टूने विचारलं. "दुधामुळे, विरजणामुळे की खोलीमुळे?"

नूपुरने तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या होत्या. आनंद करावा की कपाळाला हात लावावा, तिला कळेना.

"एका वेळी एकच बदल कर," गट्टू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने तीन वाट्या मांडल्या. एकीत फक्त दूध वेगळं, दुसरीत फक्त विरजण वेगळं, दोन्ही ओट्यावर. तिसरीत सगळं घरचंच, पण ती खोलीत. लागलं ते फक्त खोलीतलं.

"स्वयंपाकघरात मी असतो," गट्टू म्हणाला. "म्हणजे बहुधा मीच कारण. हे झालं गृहीतक (तपासून बघायचा अंदाज)."

नूपुर रडकुंडीला आली. "मग आईला सांगायलाच नको."

"न आवडलेलं उत्तरही उत्तरच असतं. पण मी नेमकं काय करतो, ते तू विचारलंच नाहीस."

"काय करतोस?"

"अन्नात जंतू वाढू द्यायचे नाहीत, असं मला शिकवलंय. म्हणून ओट्यावरची प्रत्येक वाटी मी अधूनमधून कढत करतो."

"अरे, जिवाणूंमुळेच (डोळ्यांना न दिसणारे सजीव) तर दही लागतं. तू त्यांनाच मारत होतास."

"तसं वाटतंय. तपासायला हवं."

तिसऱ्या दिवशी ओट्यावरच्या वाटीला गट्टूने हात लावला नाही. संध्याकाळी गाडी दारात उतरली, तेव्हा नूपुरने वाटी आईपुढे तिरकी केली. दही जागचं हललं नाही. मग तिने सगळं सांगून टाकलं.

"एकदा लागलं, तो योगायोगही असेल," आई म्हणाली. नूपुरचा चेहरा पडला. "आठवडाभर रोज दोन वाट्या लावू. एक हा कढत करेल, दुसरीला हात लावणार नाही."

हे 'हो' होतं की 'नाही', नूपुरला उमगेना. तेवढ्यात आईने गाडी रिकामी परत पाठवली आणि दुधाचं पातेलं गट्टूच्या हातात दिलं.