निंबामामांच्या जीपचा ब्रेक

खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या, पण हे घडलंय. बहादरपूरला, ललितमामांच्या अंगणात, माघ महिन्यात. आणि रात्री-बित्री नाही हो, टळटळीत दुपारी. ललितमामा म्हणजे भुताचं नाव काढलं तरी अंगावर येणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतणीचं, अमृताचं लग्न होतं. सासर खंडव्याचं, म्हणजे असीरगडचा घाट आलाच. पोरीचा एकच हट्ट होता, जाईन तर बाबांच्या जीपमधूनच.

तिचे बाबा म्हणजे निंबामामा, ललितमामांचे थोरले भाऊ. त्याच घाटात जीप चालवता चालवता त्यांचं हृदय बंद पडलं. गाडी माणसांनी भरलेली होती, पण कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ब्रेकवरचा त्यांचा पाय मात्र लोकांना ओढून काढावा लागला.

तेव्हापासून जीप उभीच होती.

ललितमामांनी ब्रेक दाबून बघितला, तर पाय लोण्यात गेल्यासारखा खाली. दोन-तीनदा मारला की पेडल वर यायचं, जरा थांबलं की पुन्हा पोचट. म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या लाइनीत हवा शिरली होती. मागचं चाक खोललं तर आत तेलच तेल, सिलिंडरमधली रबरी वाटी पार कुजलेली. इतवारा बाजारातला भिकन मिस्त्री नेमका सासुरवाडीला गेलेला. मामा म्हणाले, त्यात काय मोठं, मीच बसवतो. नवी वाटी आणली आणि बसवली.

हवा काढायला दोघं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी हवा सोडायचं निपल सैल करून त्याला लावलेल्या नळीतून बुडबुडे काढायचे, पुन्हा कसायचं, मग पेडल सोडायचं. घरची मंडळी देवदर्शनाला गेलेली. उरली फक्त वैजूमामी, निंबामामांची बायको. मामांनी तिलाच सीटवर बसवलं आणि स्वतः जीपखाली शिरले.

"दाबा, वहिनी."

पेडल दाबलं गेलं. नळीतून बुडबुडे आले.

"सोडा."

सुटलं.

असं बराच वेळ छान चाललं. मग दाब एकदम वाढला... तेलाची सरळ धार आली, एकही बुडबुडा नाही. मामा खूश झाले. त्यांनी निपल कसलं.

"सोडा."

सुटेना...

"अहो वहिनी, सोडा की."

आणि मग ओट्याच्या पायऱ्यांवर जोडवी वाजली. मामी घरातून बाहेर येत होती. दूध उतू जातंय म्हणून ती मघाशीच उठून आत गेली होती. मामांना सांगायचं राहूनच गेलं.

मामा सरपटत बाहेर आले.

सीट रिकामी होती...

पेडल मात्र पार खाली. कुणीतरी दाबून धरलेलं.

मामांच्या तोंडातून कसंबसं "दादा?" एवढंच निघालं.

फडक्याला हात पुसत मामी जीपपाशी आली आणि रोज घरात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "सोडा आता. पोरीला उद्या जायचंय."

पेडल हळूहळू... वर आलं.

मामांनी हातानं दाबून बघितलं तर दगडासारखं टणक. दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही. लग्न लागलं, अमृता रडत रडत जीपमध्ये बसली, आणि तो सगळा घाट मामा देवाचं नाव घेत उतरले. एका वळणावर पुढचा ट्रक अचानक थांबला. जीप जागच्या जागी उभी राहिली.

आठवड्यानं भिकन मिस्त्री आला. चाकाखाली तेलाचा डाग दिसला म्हणून त्यानं चाक खोललं, आणि मामांकडे बघतच राहिला.

"ललितभाऊ, ये तो उल्टी लगी है. वाटी उलटी बसवलीय तुम्ही. तेल सगळं बाहेर. यावर गाडी थांबतच नाही... घाट उतरलात कसे?"

त्यानं पेडल दाबून दाखवलं. पाय थेट तळाला.



भिकननं वाटी नीट बसवली, हवा काढली. आता ब्रेक चोख आहे. अमृताला आता सातवा महिना आहे, पुढच्या आठवड्यात पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचंय, तेही जीपनंच. मामांना मात्र झोप नाही. परवा घाटात त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि रिकाम्या जीपमध्ये दादाला हाका मारल्या. काहीच झालं नाही. ब्रेक जसा लागायला हवा तसा लागतो, मग कुणी आहे की नाही, कळायचं कसं?

आणि मामा जीप घेऊन कुठूनही परतले की वैजूमामी दारात उभी असते.

"भाऊजी, पेडल कसं लागतंय?"

"चांगलं लागतंय, वहिनी."

ती त्यांच्या खांद्यावरून जीपच्या रिकाम्या सीटकडे बघते. मामा खाली बघत चप्पल काढतात. मग ती त्यांना पाणी द्यायला आत जाते.