पॉइंट चार हर्ट्झ

प्रेमामुळे माणूस स्थिर होतो. असं सांगणाऱ्यांपैकी एकानेही आजवर क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी मोजलेली नाही.

तिने मोजली होती. दिवसभर लोकांचे दात कोरायचे आणि घरी आल्यावर धक्का नि ऊब लागू नये म्हणून थर्मोकोलच्या डब्यात ठेवलेला, घड्याळात असतो तसला क्रिस्टल ठरल्यापेक्षा किती कमीजास्त थरथरतो, ते स्वतः जोडलेल्या सर्किटवर मोजून लॅपटॉपवर नोंदवायचं, हा तिचा छंद. तिच्या आलेखाची सरळ रेषा पाहून हौशी इलेक्ट्रॉनिक्स मंडळाचे अध्यक्ष म्हणाले होते, "ही बनवलेली वाटते. दंतवैद्यांनी दातच पाहावेत." तेव्हापासून ती धुमसत होती. येत्या रविवारच्या सभेत अखंड, निर्दोष नोंद अध्यक्षांच्या नाकावर टिच्चून दाखवायची होती.

आणि सोमवारी सकाळी रेषेला दाते फुटले. ती तणतणत वरच्या मजल्यावर गेली. दार उघडलं नव्या भाडेकरूने – लिफ्ट दुरुस्त करणारा, घामाघूम, हातात उड्यांची दोरी.

"हे काय चाललंय?"

"वजन उतरवतोय."

"माझ्या डोक्यावर?"

संध्याकाळी तो माफी मागायला खाली आला. लॅपटॉपवरची रेषा बघायला डब्यावरून वाकला... आणि रेषा हळूच वर सरकली.

"लांब व्हा! तुम्ही गरम आहात!"

स्वयंपाकघरात तिच्या आत्याला ठसका लागला.

"किती?" त्याने विचारलं.

"पॉइंट चार हर्ट्झ."

"म्हणजे... बरंय ना?"

"भयंकर आहे! रविवारपर्यंत दिसू नका मला."

तो दिसला नाही. उड्या बंद. जिन्यातही चोरपावलं. रेषा इस्त्री केल्यासारखी सपाट – आणि तिला त्या रेषेचाच संताप येऊ लागला. गुरुवारी तिने एका पेशंटला "आ करा" असं इतक्या जोरात सांगितलं, की बाहेर बाकावर बसलेल्यांनीही आ केला.

शनिवारी ती पुन्हा वर गेली.

"आहात कुठे तुम्ही?"

"घरातच. तुम्हीच म्हणालात, दिसू नका."

"सांगितलेलं सगळं ऐकता?"

"छे. आई कधीची लग्न कर म्हणतेय, ते कुठे ऐकलं?" तो दोरीशी चाळा करत राहिला. "मला इतक्या प्रेमाने कुणी ओरडलंच नव्हतं, डॉक्टर..."

"मी प्रेमाने ओरडत नाही!"

"तेच तर आवडतं –"

तिने त्याच्या हातातली दोरी काढून घेतली. मग म्हणाली, "खाली चला."

"आणि तुमची रेषा?"

"चला म्हटलं ना!"

दोघं डब्याला खेटून बसली. रेषा चढू लागली, चढतच गेली.

"पॉइंट नऊ," तो घाबरून म्हणाला. "एवढा काही मी गरम नाही..."

"त्यातले पाच माझे आहेत," ती चिडून म्हणाली.

आत्या दारात आली. "अगं, उद्या सभेत काय दाखवणार?"

"हेच दाखवणार! विचारू तर दे त्या अध्यक्षाला, बघतेच मी!"

रविवारी गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली.